भाचीचं पुस्तक पेटीत ठेवायचं न्हाई

दोस्तहो, आज दुपारी मंठ्याहून आक्काचा फोन आल्ता. तिच्या पोरीला फिट येते. तशाच एका पोरीच्या गोष्टीचं पुस्तक मी इकडून, पुण्याहून धाडलं होतं.

आक्का रडून राह्यली. "आरं, तिनं ते वर्गात वाचून दाखवलं. आता गावभर झालं. उद्या तिला सून कोण करून घेईल? मी पुस्तक पेटीत टाकलं."

"आक्का, चौथीत हाय ती!"

मंग भाचीनंच फोन ओढला. "मामा, मी पोरींना सांगितलं, मला फिट आली तर चप्पल हुंगवायची न्हाई, कुशीवर निजवायचं. सगळ्या बराबर शिकल्या."

मी सातवी नापास. तरी आक्काला साफ सांगितलं, पुस्तक बाहेर काढ, न्हाईतर आणखी दहा धाडतो.

लपवायला पोरीनं काय चोरी केली का? तुम्हीच सांगा.