डोलकाठीच्या बुडाशी

उज्ज्वलाला पाण्याची भीती वाटे आणि ती तिनं कधी लपवली नाही. घर धरणाच्या काठावर, नवरा गोकुळ होडी चालवणारा, आणि ही बाई घोटाभर पाण्यापुढे पाऊल टाकेल तर शपथ! "हिला कळशीतसुद्धा वाकून बघवत नाय," असं तिची सासू मंगळी चारचौघींत सांगायची. उज्ज्वला हसून घ्यायची. लोकांनी हसावं आणि आपण काठावर राहावं, यात तिला काही तोटा दिसत नव्हता.

फायबरच्या कामात मात्र तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. लग्नाआधी ती वाडा गावाकडे पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात होती. काचतंतूंची मॅट कापायची, तिच्यावर चिकट रेझिन चोपडायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची. टाकी झाली की काठोकाठ भरायची आणि बाहेरून हात फिरवायचा. हात कोरडा राहिला की टाकी पास. पुढे खोडाळा-पोशेऱ्याकडच्या कितीतरी फुटक्या टाक्या तिनं दुरुस्त करून अशाच पास केल्या.

गोकुळची होडी एका बंद पडलेल्या पर्यटन तळावरून आलेली. जुनी, शिडाची, फायबरची. शिडाला कुठल्याशा सभेच्या फ्लेक्सचं ठिगळ होतं, त्यामुळे वारा भरला की एका पुढाऱ्याचा अर्धा जबडा फुगायचा. पाड्यावरची माणसं त्या होडीनं पलीकडे जात, तिथून खोडाळ्याची जीप मिळे. दिवाळीनंतर होडी गळायला लागली. डोलकाठीचं बूड तळाच्या ज्या खळग्यात बसतं, तिथेच चीर पडली होती.

"तूच कर," गोकुळ म्हणाला. "तुझ्या हातचं गळत नाय."

तिनं डोलकाठी उपटून बाजूला ठेवली, खळगा काचपेपरनं घासला, उन्हात वाळवला, थरावर थर चढवले. मग होडी दोन ओंडक्यांवर ठेवून खळग्यात पाणी ओतलं आणि तळाला बाहेरून चुलीतली राख फासली. दुसऱ्या दिवशीही राख कोरडीच होती. "पास," ती म्हणाली, आणि दिवसभर जरा ताठ मानेनं वावरली.

त्यानंतर दोन दिवसांनी मंगळीला डोळे दाखवायला खोडाळ्याला जायचं होतं. म्हातारी होडीत डोलकाठीला टेकून बसली आणि ओरडली, "चल गं, येतंस का?" उज्ज्वलानं कानाला हात लावले. होडी निघाली.

मध्यावर पोचते तोच डोंगरावरून वारा उतरला. शीड फुगलं, डोलकाठी एका अंगाला कलली, सरळ झाली, पुन्हा कलली. उज्ज्वला काठावर नागलीची कणसं पसरत होती, तिचा हात थांबला. गाईचा खुंटा काढायचा तर कोणी सरळ वर ओढत नाही. आधी इकडून तिकडे हलवतात, मग तो आपणच मोकळा होतो.

खळगा तिनं डोलकाठी काढून तपासला होता. टाकी तपासतात तसा! टाकीत कोणी खांब रोवत नाही, खांबाला वारा लागत नाही. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात शिरली नाही, आणि त्यापायी दोन माणसं भर पाण्यात आहेत.

"गोकुळऽऽ! शीड पाड!" तिनं बेंबीच्या देठापासून हाळी दिली. वाऱ्यानं ती परत तिच्याच तोंडावर टाकली. गोकुळनं नुसता हात हलवला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, आणि दुसरी होडी तर पाड्यावर नव्हतीच.

पडवीत रेझिननं माखलेल्या चिंध्या पडल्या होत्या. तिनं त्या धावत काठावर आणल्या, वर वाळकं गवत टाकलं आणि पेटवून दिलं. काळाकुट्ट धूर उठला. देवा, बघू दे त्याला, एवढंच ती पुटपुटत होती. दुसरं काही सुचतच नव्हतं.

शीड खाली आलं. गोकुळ वल्ही मारत परत फिरला. होडी येत होती, पण किती सावकाश! आणि प्रत्येक वल्ह्याला ती थोडी आणखी खोल बसत होती. उज्ज्वला पुढे झाली, आणखी पुढे झाली. होडीची कड हाताला लागली तेव्हा कुठे तिला कळलं की आपण कमरेपर्यंत पाण्यात उभ्या आहोत.

"घर पेटलं का काय?" गोकुळ धापा टाकत ओरडला. मग पायाखाली बघत म्हणाला, "आन् हे पाणी बघ! आये म्हनते लाटेचं हाय."

मंगळी लुगडं पसरून डोलकाठीला चिकटून बसली होती. लुगडं वरपर्यंत ओलं, ओठ पांढरे. गोकुळ दोर बांधायला उतरला, तशी ती उज्ज्वलाच्या कानाशी कुजबुजली, "बुडाशी चीर हाय. मी टाच लावून बसल्ये. त्याला नाय सांगितलं. तुला बोलला असता."

"बोलला असता तर बोलला असता, आत्या!" उज्ज्वलाचा आवाज फाटला. "तुम्हाला पोहता तरी येतं का?"

"नाय."

उज्ज्वलाला रडू आवरेना. तशीच ती वळली आणि गोकुळला मोठ्यानं म्हणाली, "लाट नाय ती. माझं काम गळलं. मी खळगा चुकीचा तपासला."

गोकुळनं दोर ओढून होडी काठाला घेतली. मंगळी अजून जागची हलली नव्हती. होडी काठाला लागली आहे, हे जणू तिच्या पायाला कोणी सांगितलंच नव्हतं. उज्ज्वलानं होडीतल्या पाण्यात हात घातला आणि म्हाताऱ्या सासूची गारठलेली टाच त्या चिरेवरून हळूच सोडवली.