वैद्यकाकांच्या डबीत आमची गोळी

"ताई, एक बी खाडा नाय. आईची आण."

भागवतभाऊ खिडकीपलीकडून तिसऱ्यांदा सांगत होते. नाव बदललंय. बजाजनगरला कंपनीत कामाला, गाव वैजापूरकडचं. मी सरकारी एआरटी सेंटरवर फार्मासिस्ट. एचआयव्हीची औषधं इथं मोफत मिळतात. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, वाढला होता. पुढचा रिपोर्टही असाच आला, तर औषधांची दुसरी लाइन. म्हणजे जास्त गोळ्या, जास्त त्रास, आणि पुढं पर्याय कमी.

त्यांनी कागदात बांधून आणलेल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या.

"दुसरं काही औषध?"

"नाय."

मी नवी बाटली दिली. त्यांनी तिथंच पिशवीतून एक गोल डबी काढली आणि आमच्या गोळ्या तिच्यात ओतल्या. डबीवर क्रांती चौकाजवळच्या एका वैद्यांचं लेबल. आत काळ्या गोळ्या आधीच होत्या.

"हे काय?"

"वैद्यकाकांचं हाय. रक्त वाढायला. ते औषध थोडंच हाय ताई, आयुर्वेदिक हाय."

माझं डोकं फिरलं. त्या वैद्यांकडं लोक चपला काढून अर्धा तास बसतात, झोप, भूक, सासू सगळं सांगतात. आमच्या खिडकीशी मात्र तोंड झाकून उभे राहतात. आणि आता आमची गोळीही त्यांच्याच घरात राहायला गेली होती!

"आमची बाटली काय वाईट होती?"

"रूमवर चौघं ऱ्हातो. तुमची बाटली दिसली तर खोली सोडावी लागंल. वैद्याची गोळी म्हटलं, की पोरं उठून पाणी देत्यात."

"दोन्ही एकदम घेता?"

"एकाच डबीत हाय, एकदमच घेतो. सकाळी, उपाशीपोटी."

काळी गोळी पुनर्नवा मंडूरची निघाली. पुनर्नवा ही वनस्पती. मंडूर म्हणजे लोहाचं भस्म. आमच्या गोळीतलं डोल्युटेग्रॅविर उपाशीपोटी लोहाला चिकटतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. गोळी रोज पोटात जात होती, कामाला फारशी लागतच नव्हती.

मी सेंटरच्या डॉक्टर मॅडमकडं गेले. "त्या वैद्यांचं औषध बंदच करायला लावा."

मॅडमनी फाइल पाहिली. "याचं हिमोग्लोबिन कमी आहे. लोह हवंच. भांडण वेळेचं आहे. तुझं कुणाशी आहे?"



ठरलं असं: काळी गोळी सकाळी, आमची रात्री जेवल्यावर. दोन्हींत खूप अंतर. वैद्यांनाही हे कळायला हवं होतं. पण रुग्णाच्या परवानगीशिवाय त्याचा आजार मी कुणालाही सांगू शकत नाही. भाऊ नको म्हणाले.

"मंग रातची गोळी ठिवू कशात?"

उत्तर मला ठाऊक होतं. तोंडातून निघत नव्हतं. "वैद्यकाकांकडून आणखी एक रिकामी डबी मागून घ्या. आमच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडीही तिच्यात टाका."

पुढचा रिपोर्ट आला. विषाणू जवळपास सापडेनासे झाले होते. दुसरी लाइन टळली.

भाऊ पेढे घेऊन आले. "ताई, काय बी म्हना, वैद्यकाकांच्या डबीला लई गुण हाय!"

मी पेढा खाल्ला.

आमच्या पत्रकावर 'औषध लपवू नका' असं ठळक छापलंय. ज्याला लपवल्याशिवाय खोली मिळत नाही, त्याला ते वाचून काय उपयोग? आता मी 'दुसरं काही घेता का' एवढ्यावर थांबत नाही. विचारते, "गोळी ठेवता कुठं?"