दोन मशीन, एक तार

भाताच्या पेंढ्याला पौषातल्या दुपारी एक कोरडा, गोडसर वास असतो. उन्हाने तापलेल्या पेंढ्याच्या उडवीजवळ बसलं की तो नाकातच राहतो आणि दुसरं काही लवकर कळत नाही. त्या दुपारी मात्र त्यातून वेगळा वास आला, चुलीजवळ विसरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचा येतो तसा. चूल विझलेली होती. अंगणात फक्त भगवानची गाडी उभी होती, आत गाणं जोरात चालू.

भगवान माझा मुलगा. टोकावड्याहून माणसं भरून मुरबाडला नेतो आणि म्हसा गावची जत्रा लागली की तिकडे. जत्रेला जाणारी माणसं गाडी बघून नाही, गाणं ऐकून बसतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून आधी दारांत स्पीकर आले, मग मागच्या सीटखाली धमधमणारा सबवूफरचा डबा. एकाच अँप्लिफायरवर, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या मशीनवर, दोन्ही चालवले, तेव्हा धमधम सुरू झाली की गाणाऱ्या बाईचा आवाज फाटायचा. डब्याला ताकद फार लागते, तो सगळी ओढून घेतो, बारीक आवाजाला काही उरत नाही, असं भगवानने मला समजावलं. मग स्पीकरना एक मशीन आणि डब्याला दुसरं. फरक पडला, हे मी नाकारत नाही. गाण्यातला शब्द न् शब्द कळू लागला. ते शब्द कळावेत असे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

शेजारची चंद्री कुंपणावरून ओरडली, "मावशे, गाडी हाय का वरात गो ही?"

"बस की मागं, तुलाच मिरवून आणतो!" भगवान म्हणाला.

पण मशीन दोन झाली तरी बॅटरी एकच राहिली, आणि बॅटरीपासून मागे गेलेली तारही एकच, शेतातल्या पंपाची उरलेली. फ्यूज उडू लागला. आमच्याकडे फ्यूज उडाला की तो का उडाला हे कोणी विचारत नाही, त्यात जाड तार पिळतात. पंपाला तेच, गिरणीला तेच, घराच्या मीटरला तेच. गाडीलाही भगवानने तेच केलं. मग तो उडायचा थांबला आणि सगळ्यांना वाटलं, दुखणं गेलं.

त्या दुपारी वास आला तशी मी उठले आणि गाडीतली चटई उचलली. ती सहज उचलली गेली नाही. खालच्या तारेवरचं लाल आवरण मऊ होऊन चटईला चिकटलं होतं. भगवानला हाक मारली. त्याने तारेवर अंगठा ठेवला आणि झटकन काढून घेतला. त्याला कळलं होतं. मग त्याने चटई पुन्हा नीट पसरली.

"आये, माणसं उभी हायेत. येवढी फेरी मारून येतो, मग बघतो."

"तार जळतेय रे."

"जळली नाय, गरम झालीय. आवाज कमी ठेवतो."

माणसं नाक्यावरून अंगणातच आली होती, बायका, टोपल्या, पोरं. मी त्यांनाही सांगितलं, खाली तार तापली आहे, बसू नका. त्यांनी सीटकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. एक म्हातारी माझ्याच वयाची, ती म्हणाली, "दुसरी गाडी कवा येल, बाय?" आणि चढली. माझी सून सुनीता मांडीवर नात घेऊन पुढे बसली. पोरीला माझ्याजवळ ठेव म्हटलं, तर पोरीने रडून अंगण डोक्यावर घेतलं, तिला जत्रेतल्या पाळण्यात बसायचं होतं. सुनीता म्हणाली, "जाऊ द्या आई, लवकर येतो आमी."

आवाज कमी ठेवतो म्हणालेल्या भगवानने वळणापर्यंतच तो कमी ठेवला. पुढे गाडी झाडीत दिसेनाशी झाली. गाणं विरलं, पण ती धमधम जमिनीतून येत राहिली, अनवाणी तळव्यांना कळेल इतकीच. एरवी मी त्या आवाजाला शिव्या घातल्या असत्या. त्या दुपारी मात्र तो चालू राहावा म्हणून तळवे जमिनीला दाबून उभी होते. धमधमतंय तोवर गाडी धावतेय, एवढाच माझा हिशेब.

मग तो आवाज थांबला. भगवानने बंद केला, की गाडी टेकडीआड गेली, की आणखी काही, हे तळव्यांना कळत नाही. मी झाडांच्या वरचं आभाळ बघत राहिले. ते स्वच्छ होतं. पण धूर वर यायला थोडा वेळ लागतो.