मेश्राम बाईंची उजळणी

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हातात पडलं तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत होते. पांढुर्ण्याहून मेश्राम बाईंच्या भावानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. सुमन काविळीनं गेली. आजारपणात तुमचं नाव काढायची, म्हणून कळवतो. या गोष्टीला आता महिना होत आला. ती दुसरी ओळ वाचून बरं वाटायला हवं होतं, पण मला धास्तीच वाटली... कशासाठी काढत असतील माझं नाव?

सौसरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आम्ही दोघी चार वर्षं सोबत होतो. मी गावातल्याच शेतकरी घरची, बाई बौद्ध, लोधीखेड्याहून बसनं यायच्या. मध्य प्रदेशात तेव्हा पाचवीला बोर्डाची परीक्षा असायची आणि ऐन उजळणीच्या दिवसांत निम्मी पोरं संत्रा तोडायला जायची. आम्ही बाकीचे प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचो. बाई मात्र बादली घेऊन व्हरांड्यात बसायच्या. ग्लासाच्या तळाशी कागद कोंबायचा, ग्लास उपडा पाण्यात बुडवायचा आणि कोरडा कागद काढून विचारायचं, "पाणी आत काहून नाही गेलं सांगा?" हळदीच्या कागदाला साबण लागून तो लाल झाला की पोरं अशी ओरडायची की माझ्या वर्गातली पोरं खिडकीशी धावायची. मला राग यायचा, हेवाही वाटायचा.

एकदा विरघळणाऱ्या पदार्थांची उजळणी होती. एका ग्लासात वाळू, दुसऱ्यात मीठ. मीठ दिसत नाही, मग आहे कशावरून? बाईंनी प्रत्येकाला घोट घोट चाखायला दिलं. वनिता नावाची हुशार मुलगी होती. तिनं घरी जाऊन हे सगळं कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आणखी चौघांना घेऊन हेडमास्तरांसमोर उभे. "प्रयोग करा ना बाप्पा, कोण नाही म्हणते? पण आमच्या पोराइले त्या बाईच्या हातचं पाणी काहून पाजून राह्यले?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच म्हणाले, "उद्यापासून पाणी मी आणत जाईन." मंडळी समाधानानं गेली. भांडण मिटवलं म्हणून मी स्वतःवर खूश होते. संध्याकाळी बसची वाट पाहताना बाई म्हणाल्या, "कुसुमताई, तुम्ही पाणी आणून राह्यल्या म्हणजे त्यांचं म्हणणं बरोबर, असंच झालं ना?"

"परीक्षा तोंडावर आहे बाई. कशाला वाढवता?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कळशीला हात लावला नाही. स्टोव्ह पेटवून मिठाचं पाणी आटवलं आणि बशीत उरलेला पांढरा थर पोरांना दाखवला. तेवढ्यात वनिता म्हणाली, "बाई, चाखलं तर लवकर समजते," आणि कोणी काही बोलायच्या आत बाईंच्या ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन मोकळी झाली. "खारं आहे!"

त्यानंतर वनिता शाळेत आली नाही. बाई माझ्याकडे आल्या. "तुम्ही सोबत चला. तुम्हाले ते घरात तरी घेतील. पोरीचं वर्ष जाईल हो." मी म्हटलं, अंगात ताप आहे. ताप नव्हता. बाई एकट्या गेल्या, अंगणात उभ्या राहिल्या. आतूनच तिची आई म्हणाली, पोरगी मामाकडे गेली, आणि दार लोटून घेतलं. पेपरच्या दिवशी घंटा होईपर्यंत बाई फाटकाशी उभ्या होत्या. वनिताची जागा रिकामी राहिली. त्याच उन्हाळ्यात बाईंनी पांढुर्ण्याकडे बदली मागून घेतली.

शेवटची भेट मागच्या वर्षी, बदलीला पाच वर्षं झाल्यावर, पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर. वाळल्या होत्या फार. त्यांनी पहिलं वनिताचंच विचारलं. यंदा लग्न करून दिलं, मी सांगितलं. वय विचारतील असं वाटलं, पण त्यांना ते ठाऊकच होतं. बस लागली तशी पिशवी उचलून त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, "तुमचा तो ताप उतरला होता ना मग?" आणि त्या चढूनही गेल्या.

मागच्या आठवड्यात पांढुर्ण्याकडच्या त्यांच्या शाळेत जाऊन आले. व्हरांड्याच्या खांबाजवळ जमिनीवर गेरूच्या रेघा दिसल्या, प्रत्येकीपुढे बाईंच्या अक्षरात महिना आणि तास. एक चिमुरडी मुलगी त्या रेघांशी उकिडवी बसली होती. "आमच्या बाईची सावलीची घडी आहे," ती म्हणाली. "पाय नका देऊ." मग मला न्याहाळून तिनं विचारलं, "तुम्ही बाईच्या कोण लागता?"

मला मैत्रीण म्हणवेना. "एका शाळेत होतो," एवढंच म्हणाले. तिचं लक्षच नव्हतं. खांबाची सावली सरकत येऊन रेघेला टेकली होती, आणि ती घंटा वाजवायला पळाली.