ज्याची सायकल, त्याची चक्कर

थोरल्या, हे तुझ्या गिअरच्या सायकलबद्दल आहे. धाकटीनेही ऐकावं. तुम्हाला देवनागरी भरभर वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा आईला वाचून दाखवायला सांगा. तिने घाईत काही गाळलं असं वाटलं तर तिला मागे न्या. इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं. जन्मभर तेच शिकवलं. पण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली की माझी मलाच ती ओळखू येत नाहीत.

तू शेवटचा वर्ध्याला आलास तेव्हा आजोबा होते. तुम्ही दोघं सायकल गाडीच्या टपावर बांधून गिरडला गेलात. टेकडीच्या उतारावर तू ती पळवलीस आणि खिसे भरून ते सुपारीसारखे गोल दगड घेऊन आलास. एक अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. निघायच्या दिवशी तू सीटच्या दांडीला पांढरी टेप गुंडाळलीस, तिच्यावर पेनने रेघ मारलीस आणि मला बजावलंस, "आजी, ही माझी हाइट. कुणाला हलवू देऊ नकोस."

कुणी हलवली नाही. आजोबा दर रविवारी दोन्ही चाकांत हवा भरायचे. चालवणारं कुणी नाही, मग हवा कशाला, असं मी विचारलं की म्हणायचे, "हवा नसली की टायर बसतो." ते गेल्यावर मी फक्त चादर घातली, आणि चादरीवरची धूळ झटकत राहिले.

यंदा उन्हाळ्यात तुमची आई फोनवर म्हणाली, "डिसेंबरमध्ये बहुतेक येऊ." त्यातला ‘बहुतेक’ मी बाजूला ठेवला आणि उरलेलं घेतलं. मग सायकलीचा विचार सुरू झाला. खरं सांगायचं तर माझा हिशेब सरळ होता. तुझ्या वयाच्या मुलाने वर्ध्यात करायचं काय? माझ्याशी बोलून बोलून किती बोलणार? सायकल चालती असली तर तू राहशील. नसली तर चार दिवसांनी पुण्याला मावसभावांकडे जाशील, आणि मीच तुझी बॅग भरून देईन.

बाजारातल्या एका मोठ्या दुकानात दिली. "एकदम नवीन करून देतो मॅडम," म्हणाले, आणि दिसायलाही तशीच आली. नखशिखांत तेलाने चमकत होती. घरी ओसरीच्या उतारावरून खाली घेताना मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली नाही. मला घेऊन थेट फाटकावर आदळली. समोरच्या दुमजली घरातल्या वहिनी गच्चीवरून ओरडल्या, "मॅडम, लायसन हाय का?" मी हसले, आत आले आणि कोपराला हळद लावली. एकटं असलं की लागलेलं कुणाला दाखवायचं हाही प्रश्न असतो.

या सायकलीचे ब्रेक चाकाशेजारच्या पातळ चकतीला दाबून धरतात, आणि तिला तेल लागलं की ते धरत नाहीत. हे मी वाचून काढलं. आपल्याकडे सायकल दुरुस्तीला दिली की आधी तेलाची बुधली उचलतात. जुन्या काळ्या सायकलींना तेवढंच लागायचं. मग मी एक प्रश्न तयार केला आणि दुकानादुकानांतून विचारत हिंडले, "ब्रेकच्या चकतीला तुम्ही काय लावता?" एक म्हणाला, "ग्रीस. असली वाला." दुसरा म्हणाला, "तुम्ही म्हणसान ते."

पवनारच्या रस्त्याला एक टिनाचं शेड आहे. तिथला माणूस चाकाच्या तारा आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "काहीच नाई लावत. काऊन इचारता?"

मी दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून सायकल तिथे नेली. त्याने चकती बोटाने पुसली, बोट नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "कोणं केलं हे? भजे तळाचे होते का याच्यावर?"

शेजारी त्याची बायको चहाची टपरी चालवते. ती म्हणाली, "काकू, बसा. माह्या हातचा चहा घ्या अन् ह्यायची बडबडही घ्या. दोन्ही फुकट हाय."

त्याने चकती स्पिरिटने धुतली, तेल प्यालेले ब्रेकचे गुटके फेकले आणि नवे नागपूरहून मागवले. ते यायला वेळ लागला. मी अधूनमधून जाऊन बसत असे. जायचं काही कारण नव्हतं. तो फोन करणार होता. पण टपरीवर कुणी तरी "आल्या का काकू" म्हणत असे.

काम झालं तेव्हा मी न्यायला गेले. तो म्हणाला, "पोराले बोलवा."

"कोणत्या पोराला?"

"ज्याची सायकल हाय त्याले. माह्या इथला कायदा हाय. ज्याची सायकल, त्यानं माह्या डोळ्यासमोर एक चक्कर माराची. ब्रेक त्याच्या हातात बसला पाह्यजे, माह्या नाई. त्याशिवाय मी सोडत नाई."

"ह्यायचं असंच हाय," बायको म्हणाली. "आलेलं गिऱ्हाईक चक्कर येऊन पडते."

मी सांगितलं की नातू परदेशात आहे, डिसेंबरमध्ये येईल. त्याने मान हलवली. "मंग सीट तरी त्याच्या मापानं लावून ठेवतो. उंची किती त्याची?"

मी टेपवरच्या रेघेकडे बोट दाखवलं.

"हे कवाची?"

मी सांगितलं. तो रेघेकडे बघत राहिला. "पोरगं हाय का खांब गाडला? आताची सांगा ना."

मला सांगता येईना. तुझे मार्क मला माहीत आहेत. तुला कांदा चालत नाही हे माहीत आहे. फोनवर तू छातीपर्यंतच दिसतोस, आणि तेही बसलेला. तू दारात उभा राहिलास तर माझी मान किती वर करावी लागेल हे मला माहीत नव्हतं.

तुला मी त्या रविवारी उंची विचारली ती यासाठी. तू हसून सांगितलंस आणि विचारलंस, "का आजी, लग्न ठरवतेस का?" मी आकडा घेऊन शेडवर गेले. त्याने सीट वर ओढली, आणखी ओढली, आणि दांडीवर कोरलेली एक आडवी खूण दिसली तिथे थांबला. "याच्या वर गेली का दांडी मोडते. तुमचा नातू तर याच्याही वर हाय."

"लांब दांडी मिळत असेल ना?"

"मियते. लावूनही देईन. पण फ्रेम तेवढीच राह्यते ना मॅडम. गुडघे हँडलले लागतील. ते सायकल चालवणं नाई, सर्कस हाय." मग म्हणाला, "लहान झाली ती त्याले."

त्याच्या बायकोने माझ्यासमोर चहा ठेवला.

सायकल मध्ये उभी होती आणि आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. मी म्हटलं, "कॉलेजला मी सायकलनेच जात असे."

"अस्सं?" तो उठला. "मंग सीट खाली घ्या लागते. हे टेप काढा लागन. काढू?"

टेप असताना दांडी आत जात नाही. मी ‘काढा’ म्हणाले. ती इतकी वाळली होती की सरळ निघालीच नाही. नखाने खरवडली तशी चुरा होऊन खाली पडली. दांडी नळीत पार आत गेली.

त्याने मागून धरलं, मग धरणं सोडलं, आणि ते मला सांगितलं नाही. मी रस्त्याकडेच्या कडुनिंबापर्यंत गेले, रस्त्यावर न जाता वळले आणि परत आले. शेडसमोर दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली. पाय टेकायला जरा उशीर झाला, तेवढंच.

"आता न्या," तो म्हणाला. "तुमची हाय."

रस्त्यावर ट्रक फार, म्हणून मी ती हातात धरून चालत घरी आणली.

काल आईचा फोन आला. तिकिटं अजून काढलेली नाहीत. मी ‘बरं’ म्हटलं, आणि तुझ्या सायकलीचं काय झालं हे तिला सांगितलं नाही. ते तुला सांगायचं होतं. थोरल्या, आलास तर सायकलीच्या भरवशावर येऊ नकोस. धाकटे, तुला ती बसेल का ते मला माहीत नाही. तुझं माप मी विचारत नाही आणि खूणही करून ठेवत नाही. आलीस की शेडवर जाऊ, तो तुला चक्कर मारायला लावेल. तोवर रविवारी हवा मी भरते, आणि सकाळी रस्ता मोकळा असतो तेव्हा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. चादर धुऊन कपाटात ठेवली आहे.