गोदावरी जिथं येत नाही

मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे आमच्या लातूरकडची येळवस. मुक्काम कोकणातल्या एका लहान, शांत बंदरगावी. हजर: माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, नणंद सुमन, तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, जे गाडी चालवत होते, आणि मी. गैरहजर: हे. ह्यांना जाऊन दुसरं वर्ष लागलं आहे, तरी हजेरी मांडताना माझा हात अजून त्या जागी थांबतो.

आधी माझ्या मनाची स्थिती सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हे गेल्यावर मी सगळं रीतसर पार पाडलं. नांदेडच्या घाटावर अस्थी सोडल्या, कागदपत्रं केली, ह्यांच्या नोकरीतलं विष्णुपुरीचं क्वार्टर रिकामं करून नांदेड शहरात खोल्या घेतल्या. देवपूजा चुकवली नाही, पण ती दूध तापवावं तशी होत होती. हात जोडत होते आणि मागायला काहीच सुचत नव्हतं. आत्या मात्र चाकूरजवळच्या गावी एकट्या राहायच्या आणि उंबरा ओलांडायला तयार नव्हत्या. लग्न नाही, बारसं नाही, दवाखानासुद्धा नाही. अशा बाईनं एक दिवस फोनवर मला म्हणावं, "मला समुद्र दाखवतीस का?" मी कारण विचारलं नाही. मला काम मिळालं होतं. दीपगृह, किल्ला, डॉल्फिन दाखवणारी होडी, किनाऱ्यावरचं शंकराचं देऊळ, परतताना काजू, अशी सहल मी त्याच दिवशी बसवून टाकली.

दिवस निवडला तो येळवशीचा, कारण सगळ्यांना सुट्टी जुळत होती; आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचलो. येळवशीला आमच्याकडं सगळे रानातल्या खोपटात बसून भाज्यांची भज्जी जेवतात, त्यावरून सकाळी दीपगृहाच्या वाटेवर भाऊजी चिडवत होते. "सगळा जिल्हा आज कडब्याच्या कोपीत बसून भज्जी हाणून राहिला, अन् आपण निघालो वाळू खायला." आत्यांनी तेवढ्यासाठीच घरून आंबील घेतली होती. ज्वारीचं पीठ आणि ताक मुरवून केलेली ती आंबील येळवशीला पिकात शिंपडतात, मग सगळे पितात. स्टीलची बरणी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. सुमन म्हणाली, "आई, समुद्राला काय आंबील पाजतीस का?" आत्यांनी झाकण घट्ट केलं.

दीपगृहावर वाऱ्यानं आमचे पदर उडत होते. खाली निळं पाणी, नारळांची रांग, सुकत घातलेली जाळी. मी सुमनचे फोटो काढत होते तेवढ्यात आत्यांनी दीपगृहाच्या माणसाला विचारलं, "गोदावरी कुठून येती हितं?" त्याला कळलं नाही. त्यानं समोरची खाडी दाखवली. आत्यांनी त्या खाडीला हात जोडले, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "एवढीच? आपली तर केवढी रुंद हाय." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. किल्ल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. होडीत नाखव्याला विचारलं. त्यानं हसून मान हलवली. भाऊजी डॉल्फिनच्या नावानं ओरडत होते. आत्यांची पाठ डॉल्फिनकडे होती. त्या किनाऱ्याकडे बघत होत्या, कुठून तरी नदी बाहेर पडताना दिसेल म्हणून.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोराला गोदावरीत सोडलं, गोदावरी समुद्राला जाते, म्हणून समुद्रावर त्याची भेट होईल, एवढ्यासाठी ही बाई उंबरा ओलांडून आली होती. आणि गोदावरी पूर्वेला जाते, आंध्रात. शाळेतल्या कोणत्याही मुलाला हे ठाऊक असतं. मलाही होतं. पण समुद्र म्हटलं की कोकण, एवढंच मला सुचलं. आमच्याकडचं पाणी कोकणाच्या उलट दिशेला वाहतं, हे मनातही आलं नाही.

शंकराच्या देवळात मी बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं. गाभाऱ्यात ओली, थंड फरशी होती. ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच मी देवाजवळ काही मागितलं. म्हटलं, माझ्यासाठी नको, पण हिला काय सांगू ते सुचव. मी सगळं बघून घेईन असं आजवर तुला म्हणत आले, हे मला बघता येत नाही. फरशीला कपाळ टेकलं. मी बाहेर आले.

आत्या वाळूत उतरल्या होत्या. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. बरणीचं झाकण उघडून त्यांनी मला विचारलं, "हितंच सोडू का? हाय ना ह्या पाण्यात तो?" खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांनी बरणी पाण्याकडे धरली होती. मला ते जमलं नाही. मी म्हणाले, "आत्या, गोदावरी इकडं येत नाही. ती पलीकडच्या समुद्राला जाते. मी तुम्हाला चुकीच्या बाजूला आणलं."

आत्यांनी हात मागे घेतला. बरणीला झाकण लावलं आणि ओल्या वाळूत बसल्या. सुमन रडायला लागली. भाऊजी जवळ येऊन समजुतीनं म्हणाले, "आई, समुद्र शेवटी एकच असतो हो."

"तुमच्या विहिरीचं पाणी येतं का माझ्या रानात?" आत्या म्हणाल्या. "उगं बसा."

दुपार कलली तरी ऊन लागत होतं. त्या उठेनात, पाणीही पिईनात. तेवढ्यात खडकांच्या बाजूनं एक बाई आली. आत्यांच्याच वयाची, कमरेला टोपली, हातात कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायची कोयती. आमच्यासमोरून पुढे गेली, मग परत फिरली.

"काय झाला गो? अशी उन्हात कित्याक बसलंस?"

आत्यांना तिची बोली कळली नसावी. तरी त्यांनी उत्तर दिलं. मला दिलं नव्हतं ते सगळं तिला दिलं. पोरगा कसा गेला, नदीत कसा सोडला, सून कशी हुशार आणि तरी कशी चुकली. ती बाई टोपली खाली ठेवून शेजारी बसली. सगळं ऐकून म्हणाली, "माझो झील होडी घेवन गेलो. होडी गावली. तो नाय गावलो." झील म्हणजे मुलगा, हे आत्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

"मग त्याचं काही केलं न्हाईस?"

"काय करतलंय? हातात काय गावाक होया मा? रोज हय येतंय, हाक मारतंय, जेवणाक काय केलंय ता सांगतंय." हाती देहच लागला नाही तर क्रियाकर्म कसलं, असं ती म्हणत होती.

आत्यांनी बरणी उघडली आणि झाकणात आंबील ओतून तिच्यापुढे धरली. "घे. आज आमची येळवस हाय."

ती प्यायली. "कढी काय गो ही?"

"कढी न्हाई बाई, आंबील. ज्वारी हाय त्यात."

"आंबाट आसा. बरी आसा," असं म्हणत तिनं झाकण पुन्हा पुढं केलं. आत्या हसल्या. हे गेल्यापासून मी ते हसू पाहिलं नव्हतं.

मग आत्या म्हणाल्या, "आमच्याकडं नदी हाय. तुझ्या पोराच्या नावानं मी गोदावरीत दिवा सोडते. तू हितं रोज येतीस, तर माझ्याला बी एक हाक मारशील का?"

"मारतंय मगे. झिलाचा नाव काय तुझ्या?"

"रमेश."

ती उठली, पाण्याच्या कडेला गेली, तोंडाभोवती हात धरले आणि घरातल्या पोराला बोलवावं तशी ओरडली, "रमेशाऽऽ! अरे रमेशा! आवस इली हा तुझी!" आई आली आहे म्हणून सांगत होती ती.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ते गेल्यापासून त्या नावानं कोणी मोठ्यानं हाकही मारली नव्हती. मृत्यूच्या दाखल्यावर तेवढं छापलेलं होतं. ते नाव असं उघड्यावर ऐकलं आणि मी वाळूत बसकण मारली. जे घाटावर आलं नव्हतं ते रडू तिथं आलं. आत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. उरलेली आंबील त्यांनी आपल्या हातानं ओंजळ-ओंजळ करून ओल्या वाळूवर शिंपडली, पिकात शिंपडतात तशी. ती बाई टोपली उचलून खडकांकडे निघून गेली.

तिला कोणी पाठवलं, हे मी सांगू शकत नाही. ओहोटीला ती रोजच येत असणार. मला एवढंच कळतं की मी देवाला उत्तर मागितलं होतं आणि त्यानं उत्तर माझ्याकडे दिलंच नाही. मी खरं बोलून हात टेकले तेव्हा ते आत्यांच्या शेजारी येऊन बसलं. तेव्हापासून पूजेला बसते तेव्हा मी देवापुढे माझी योजना मांडत नाही. सांगते आणि गप्प राहते. त्या गप्प राहण्यात ह्यांची आठवण येते, लांबून येणाऱ्या हाकेसारखी, आणि मी ती येऊ देते.

परत आल्यावर आत्या नांदेडला माझ्याकडे उतरल्या. पुढच्याच पौर्णिमेला आम्ही दोघी घाटावर गेलो. त्यांनी द्रोणात वात लावली, पाण्याजवळ वाकल्या आणि माझ्याकडे वळून बघितलं. "नाव?" दिवा त्या कोकणातल्या बाईच्या मुलासाठी होता. तिनं आमच्या पोराचं नाव विचारलं होतं. तिच्या पोराचं विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. तिचंही नाही.

मी म्हटलं, देवाला माहीत आहे, असाच सोडू. आत्यांनी मान हलवली. "हाक मारायला नाव लागतं, पोरी." वात विझवून द्रोण पदराखाली घेतला. कोकणात आम्ही जिथं उतरलो होतो त्या घराच्या मालकांना मी फोन केला. ते म्हणाले, कालवं काढायला कितीतरी बाया येतात, कोणती म्हणून सांगू? मग मी आत्यांना विचारलं की आधी आंध्रात जाऊ का, गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथं. आगगाडी थेट आहे.

"माझा पोचला," आत्या म्हणाल्या. "तिचा अजून निघालाच न्हाई."

भाऊजींना सुट्टी मिळेना, मग आत्यांचे गुडघे धरले, मग रानात हरभरा काढणीला आला. कोकणात जाऊन त्या बाईला तिच्या मुलाचं नाव विचारायचं आहे. ते अजून राहिलं आहे.