धवलारणीला आवतण

आईच्या गळ्यातलं मला काहीच मिळालं नाही. नाक मिळालं, पायाची वाकडी करंगळी मिळाली, ताटात मासे दिसले की भान हरपायची सवय मिळाली. गळा तेवढा वाटेत कुठेतरी सांडला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. आणि आई खारबावपासून खाडीपर्यंतच्या गावांची धवलारीण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. मांडवाची पहिली मेढ रोवल्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाचं एक गाणं असतं. त्याला धवला म्हणतात, आणि तो गायल्याशिवाय ते काम झालं असं कुणी धरत नाही. हळद नुसती लावली तर तो मसाला, धवल्यावर लावली तर हळद. भटजी येतो, पण आईचं होईस्तोवर तोही कोपऱ्यात पान चघळत बसायचा. घाई करताना मी एकाच भटजीला पाहिलं. आईने गाता गाताच त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने आपण होऊन दुसरं पान लावलं.

तिचा आवाज गोड नव्हता. जाडसर, खरबरीत, सुक्या पेंढ्यावरून हात फिरवावा तसा. ती सुरुवातच अशी करायची की गाणं लागलंय हे कळायचं नाही. वाटायचं, शेजारणीशी काही बोलतेय. मग मांडवातली पोरं गप्प व्हायची. मग बाप्ये हातातले पत्ते खाली ठेवायचे. मागे बसलेल्या बायका तिची ओळ झेलायच्या आणि परत तिच्याकडे द्यायच्या. अशी देवघेव करत ती आवतण द्यायची: घरच्या देवाला, गावदेवीला, वेशीला, खाडीला. आणि शेवटी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला, नावानिशी. पणजा, पणजी, विहिरीत गेलेली सून, गोदीत कामाला गेला तो परत न आलेला काका. लग्नाला या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा.

त्या वेळी मांडवात बघण्यासारखं असायचं. बापाचं नाव आलं की सत्तरीचा म्हातारा हातातली बिडी पाठीमागे लपवायचा. सासूचं नाव आलं की कुणीतरी पदर सावरायची. आई समोरच्या भिंतीकडे बघत गात असायची, आणि घर भरत चाललंय असं वाटायचं. मी तिचा मुलगा, तिला सकाळी नाकात तपकीर कोंबताना रोज बघणारा. पण त्या घडीला तिच्या जवळ जायला मला भीती वाटायची.

एकदा ठाण्याहून एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन घरी आले. अतिशय सज्जन. त्यांनी आईला सांगितलं की तुम्ही मोठ्या कलाकार आहात. आईने मला आत बोलावून विचारलं की कलाकार म्हणजे तोंडाला रंग लावतात तेच ना. बाहेर येऊन तिने त्यांना विचारलं, लग्न कुणाचं हाय? ते म्हणाले, लग्न नाही, नुसतं गाऊन दाखवा. आई विचारात पडली.

"बोलवू कुनाला मंग? आवतण दिला आनि पाटच मांडलेला न्हाय, तर आलेल्यानी बसायचा कुठं?"

गृहस्थ बोंबलाचं कालवण जेवून कोरी कॅसेट घेऊन परत गेले. म्हणून आज आईचा आवाज कुठेही नाही.

अशा बाईच्या मुलाने धंदा कुठला काढावा? मी धामणकर नाक्याजवळ साऊंड सर्व्हिस काढली. बॉक्स, अॅम्प्लिफायर, माईक, हळदीला भाड्याने. माझे बॉक्स लागले की मांडवातले पत्रे थरथरायचे आणि आईच्या धवल्याचं काय व्हायचं हे सांगायला नको. तिने कधी तक्रार केली नाही. माझे बॉक्स गरम होऊन बंद पडायची ती वाट बघायची. ते पडायचेच.

मग मला सुचलं, आईलाच माईक द्यावा. तिला दुकानात नेलं. शेजारी कापडाच्या लूमचा कारखाना, रात्रंदिवस खडखडाट, आमच्याकडे गिऱ्हाइकाशी खाणाखुणांनी बोलावं लागे. मी वायरी जोडल्या, बटणं फिरवली, आईला म्हटलं, गा. ती म्हणाली, लग्न न्हाय. मग म्हटलं, नुसतं बोल. तिने माईक तोंडाजवळ धरला आणि घरी तांदूळ संपल्याचं सांगितलं. काय आवाज आला! मी खूश होऊन शेजारच्या लूमवाल्याकडे बघितलं. तो दारात आला होता. म्हणाला, "भाई, प्लग तो लगाओ पहले."

तरी मी ऐकलं नाही. पुढच्या लग्नात तिच्यासमोर माईक उभा केलाच, आणि धवला संपल्यावर बंद करायला विसरलो. वरमाईची साडी मागच्या वर्षीच्या कुठल्या बारशातली आहे याची आईने शेजारणीशी केलेली चर्चा अख्ख्या गावाने ऐकली. त्यानंतर माईक तिच्या आसपास दिसला की ती पायातली चप्पल चाचपायची.

मग एका पावसाळ्यात भाताची लावणी उरकली आणि आई गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. वडील आधीच गेलेले. आमच्यात आईबापाच्या पाठी लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर लांबतं. म्हणून दिवाळीनंतरची तारीख धरली. बहिणीने कशाचाच हट्ट केला नाही. साड्या मी आणल्या त्या नेसायला तयार, माझी निवड बघता हे धाडसच. तिची एकच अट होती. म्हणाली, मांडवाच्या दिवशी आईला आवतण गेलं पाहिजे, आणि नीट गेलं पाहिजे. तिने दुसऱ्यांच्या एवढ्या आया बोलावल्या, माझ्या वेळेला ती राहायला नको.

मी म्हटलं, एवढंच ना.

आईच्या मागे बसून वर्षानुवर्षं तिची ओळ झेलणारी एक मावशी होती, शेजारच्या पाड्यावरची. आता धवलारीण म्हणून तिलाच बोलावलं. मांडवाच्या दिवशी सकाळी ती आली, पदर खोचून बसली, मागे बायका बसल्या, बहीण पाटावर. आणि मावशीने मला दारात बोलावून अगदी साधी गोष्ट विचारली. तुमच्या घरातली गेलेली माणसं सांग.

मी वडिलांचं नाव सांगितलं. आजोबांचं सांगितलं. आजीचं अर्धं सांगितलं. मग थांबलो.

मावशी म्हणाली, पुढं? पुढे मला काहीच येत नव्हतं. सात गावांच्या घराघरातले मेलेले जिला पाठ होते तिच्या मुलाला स्वतःच्या पणजीचं नाव माहीत नव्हतं. मी छताकडे बघितलं. तिथे माझाच पंखा फिरत होता, भाड्याने द्यायचा. मावशी विचारायला लागली की तुझ्या लग्नात तुझ्या आयशीनं सगळ्यांना बोलावलं की, तू तिथंच पाटावर होतास. होतो. पण त्या घडीला फ्यूज उडाला होता आणि हळदीच्या अंगाने मी अॅम्प्लिफायरच्या खाली शिरलो होतो.

तिने मागच्या बायकांना विचारलं. त्यांनी तर त्या लग्नात ओळी झेललेल्या. पण एकीलाही नाव सांगता येईना. एक म्हणाली, व वरून हाय काहीतरी. दुसरी म्हणाली, व नव्हं, म. बहीण पाटावरून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात आईचा भटजीकडे बघण्याचा गुण पुरेपूर उतरला होता.

तेव्हा मावशीने हात हलवून सगळ्यांना गप्प केलं. "बोलून न्हाय येत ती. गायला लागू, येतील आपापली."

आणि तिने सुरू केलं. आईच्याच चालीत, आईसारखंच बोलल्यागत. घरचा देव आला, गावदेवी आली, वेस आली, खाडी आली. बायकांनी ओळ झेलली, परत दिली. आणि मग खरोखर, मघाशी अडलेल्या बायकांच्या तोंडून नावं यायला लागली. त्या आठवून म्हणत नव्हत्या. चाल त्या जागेवर यायची आणि नाव तिथे आधीच उभं असायचं. पणजा आला. पणजी आली, व वरूनही नाही आणि म वरूनही नाही. पणजीची सवत आली, जिच्याबद्दल आमच्या घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी दाराची चौकट धरून उभा होतो. आईने हे सगळं कधी त्यांच्यात ठेवलं होतं, त्यांनाही पत्ता लागू न देता?

आजोबा आले. आजी पूर्ण आली. वडील आले. आणि वडिलांच्या पाठोपाठ बायकांनी गायलं, पाळण्यातली बाय, तू पण ये.

मी चमकलो. बारशाआधी गेलेल्या लेकराला नाव नसतं, त्याला आई असंच बोलवायची. हे मी दुसऱ्यांच्या मांडवात ऐकलं होतं. आमच्या घरात मी थोरला, असं मी तिशीपर्यंत समजून होतो. थोरलेपणाचा रुबाबही भरपूर केला होता. माझ्याआधी एक बहीण होती, आणि आईने माझ्या लग्नात तिला भर मांडवात हाक मारली होती. मी वायरी जोडत होतो. पाटावरची बहीण तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत राहिली. पण धवला थांबत नसतो.

थांबला तो पुढच्या ओळीला. चाल तिथपर्यंत आली आणि मावशी गप्प झाली, बायका गप्प झाल्या. यापुढचं नाव अजून कुणी गायलेलं नव्हतं.

"आयशीचा नाव काय सांगू?" मावशीने विचारलं.

हे तरी मला येत होतं. मी ताबडतोब रेशनकार्डावरचं नाव सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने हळूच विचारलं, ही कोण? ते लग्नात सासरी ठेवलेलं नाव, तांदळात लिहिलं तेवढंच. त्या नावाने तिला कुणी कधी बोलावलंच नव्हतं. मग मामा चहाचा कप ठेवून उठला आणि त्याने तिचं माहेरचं नाव सांगितलं. त्यावर आत्या म्हणाली, ते नाव तर ती माहेरी ठेवूनच इथं आली. गाव तिला धवलारीण म्हणायचं. शेजारणी माझं नाव घेऊन अमक्याची आय म्हणायच्या. दोघा-तिघांनी एकदम आपापलं म्हणणं मांडलं आणि मांडवात ग्रामसभा भरली.

मावशीचं लक्ष त्या कुणाकडेच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

"ज्या हाकेला ती मागं वळायची ती सांग. न्हायतर न्हाय ऐकायची ती. कामात असंल."

मी विचार केला. गाताना तर ती कुणालाच वळायची नाही. चुलीपाशी बसली तरी ओठ हलत असायचे, आत कुठल्यातरी घराची माणसं फिरत असायची. वडिलांनी हाक मारली तरी हूं म्हणायची आणि तोंड तिकडेच. वळायची ती एकाच गोष्टीला. मी रस्त्यावरूनच बोंबलत यायचो, शाळेतून, नंतर दुकानातून, म्हशीलाही लाजवेल अशा आवाजात. भूक लागली की माझा सूर जरा आणखीच फाटायचा. तेव्हा ती वळायची. आधी वळायची, मग शिव्या द्यायची.

मावशीला मी हे सांगितलं. म्हटलं, पण ते काही नाव नाही.

"मंग मार हाक," ती म्हणाली.

धवल्यात बाप्या माणूस कधी तोंड उघडत नाही. आणि उघडायचं झालंच तर गावात माझ्याशिवाय कुणीही चाललं असतं. बहिणीकडे बघितलं. तिने मान हलवली. मावशीने मागची ओळ पुन्हा धरली, बायकांनी झेलली, चाल फिरून त्या रिकाम्या जागेवर आली, आणि मी ओरडलो.

"आये!"

सूर लागला नाही. लागणारच नव्हता. पण बायकांनी ती फाटकी हाक वरच्या वर झेलली आणि चालीत बसवून परत दिली, आये, लेकीच्या मांडवाला ये. मावशीने घेतली, बायकांनी घेतली. मामाने टोपी काढली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा नीट घातली. बहीण पाटावर ताठ बसली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

मी तसाच होतो, चौकटीत, तोंड उघडं टाकून. मावशीने गाता गाताच मला हाताने बाजूला हो अशी खूण केली. मला कळेना. शेवटी तिला एक ओळ बायकांवर सोडून बोलावं लागलं.

"दारात काय उभा ऱ्हायलास? आयशीला वाट दे."

मी चटकन भिंतीला लागलो.